स्विच ओळखायचा मॅकवरून की पोर्टवरून?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळीला शॉपफ्लोअरचा नेटवर्क स्विच बंद पडला, की नवा लावतो तो मेंटेनन्सचा माणूस. त्याने केबल जोडावी आणि बाकीचं डीएचसीपी सर्व्हरने (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरने) करावं, यासाठीच स्विचला कॉन्फिगरेशनची फाइल आपोआप देण्याचा हा खटाटोप. कोरा स्विच सुरू होताच पत्ता मागतो. सर्व्हर पत्त्यासोबत ऑप्शन (उत्तरातला क्रमांकित रकाना) ६६ किंवा १५० मधून टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे फाइल जिथून घ्यायची तो सर्व्हर, आणि ६७ मधून फाइलचं नाव कळवतो. ज्युनिपर कंपनीच्या स्विचला फाइलचं नाव ऑप्शन ४३ मधून द्यावं लागतं. कोणत्या स्विचला कोणती फाइल, हे सर्व्हरने कशावरून ठरवायचं, ते मात्र आपल्याला आधीच ठरवावं लागतं.

मॅकची, म्हणजे स्विचच्या कायमच्या हार्डवेअर पत्त्याची, पद्धत सोपी आहे. डीएनएसमास्क या छोट्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये दर स्विचला एक-दोन ओळी लिहिल्या की झालं. पण स्टिकरवरचा मॅक आणि विनंतीतला मॅक शेवटच्या आकड्यात वेगळे निघू शकतात, म्हणून त्या मॉडेलचा एक स्विच टेबलावर चालू करून टीसीपीडम्पमध्ये (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणाऱ्या साधनात) खात्री करा. सिस्कोचे बरेच स्विच ऑप्शन ६१ मध्ये, म्हणजे क्लायंट आयडीत, मॅकला इंटरफेसचं नाव जोडून पाठवतात. विंडोज सर्व्हर रिझर्व्हेशन (ठरावीक उपकरणासाठी राखलेला पत्ता) या क्लायंट आयडीवरून जुळवतो, त्यामुळे तिथे नुसता मॅक भरून भागत नाही. खरी अडचण वेगळीच आहे: बदली स्विचचा मॅक नवा असतो, आणि रात्री दोन वाजता तो सर्व्हरमध्ये भरायला कोणीतरी जागं लागतं.

पोर्टच्या पद्धतीत ही अडचण उरत नाही. नवा स्विच ज्याला जोडतो तो वरचा स्विच विनंतीत ऑप्शन ८२ घालतो. त्यातला सर्किट आयडी पोर्ट सांगतो, रिमोट आयडी वरचा स्विच सांगतो. दोन्ही जुळवा, कारण नुसता सर्किट आयडी दुसऱ्या स्विचवरही तोच येऊ शकतो. किया या डीएचसीपी सर्व्हरमध्ये त्यासाठी क्लायंट क्लास (जुळणीचा नियम) लिहिता येतो, डीएनएसमास्कमध्ये दोन टॅग पुरतात.

पण मांडणी नाजूक आहे. सिस्कोच्या सर्किट आयडीत व्हीलॅनचा (नेटवर्कच्या आतल्या विभागाचा) क्रमांकही असतो; व्हीलॅन बदलला की जुळणी तुटते. स्नूपिंग करणाऱ्या, म्हणजे डीएचसीपी विनंत्यांवर नजर ठेवणाऱ्या, स्विचने ऑप्शन ८२ घातला आणि विनंतीतला रिले पत्ता शून्यच राहिला, तर पुढचा सिस्को रिले (विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचवणारं उपकरण) ती विनंती टाकून देतो. तिथे अशा विनंत्या विश्वासू मानायची सेटिंग (ट्रस्ट) द्यावी लागते. अपलिंकला, म्हणजे वरच्या स्विचकडे जाणाऱ्या जोडणीला, एलएसीपीची जोडी (दोन केबल एक म्हणून वापरायची पद्धत) असेल, तर कोऱ्या स्विचला एलएसीपी ठाऊक नसल्याने वरचा पोर्ट बंदच राहू शकतो. एलएसीपी नसतानाही पोर्ट चालू ठेवायची (फॉलबॅकची) सोय आहे का ते आधी पाहा. लीज (दिलेल्या पत्त्याची मुदत) १० मिनिटांची ठेवा, नाहीतर जुन्या स्विचच्या नावावरचा पत्ता नव्याला लवकर मिळत नाही. आणि केबल शेजारच्या पोर्टात गेली तर भलतीच फाइल उतरते, म्हणून दोन्ही टोकांना लेबल हवंच.

कायमच्या वायरिंगच्या कारखान्यात आम्ही निःशंकपणे पोर्टची पद्धत सुचवू. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये हंगामापुरतं किंवा सिंहस्थात तपोवनात तात्पुरतं नेटवर्क उभं करायचं असेल, तर अपलिंक रोज हलतात. तिथे मॅकच बरा. दहा-बारा स्विचपर्यंतही मॅक पुरतो. कोअर स्विच (नेटवर्कचा सगळ्यात वरचा, मुख्य स्विच) मात्र हातानेच कॉन्फिगर करा, त्याच्या वर ऑप्शन ८२ घालणारं कोणी नसतं.

पद्धत कोणतीही घ्या, टीएफटीपीवरची फाइल उघडी, कुणालाही वाचता येईल अशी जाते. तिच्यात फक्त मॅनेजमेंट व्हीलॅन आणि एकदाच वापरायचं खातं ठेवा. खरे पासवर्ड आणि एसएनएमपीच्या (उपकरणांवर देखरेख ठेवायच्या पद्धतीच्या) किल्ल्या नंतर एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून उतरवा आणि ते खातं लगेच काढून टाका.