फ्रेंच गावांचे 'तात्पुरते युरो': काही महिने संग्रही ठेवल्यावर

खरा युरो लोकांच्या हातात पडला १ जानेवारी २००२ रोजी. त्याच्या आधीच, १९९६ ते १९९८ या काळात, फ्रान्समधल्या कितीतरी गावांनी आपल्या नावाचे युरो पाडून घेतले. नाण्यावर गावाचं नाव, किंमत, आणि अनेकांवर चक्क मुदतीच्या तारखा. तेवढे दिवस गावातली दुकानं ते फ्रँकऐवजी घ्यायची. नंतर ते संग्राहकांचे झाले.

यांचा एक छोटा संच गेले काही महिने माझ्याकडे आहे आणि मी त्यावर बेहद्द खूश आहे. सर्वांत लाडका दीड युरोचा. रोजच्या चलनात दीडचं किंवा तीनचं युरो नाणं कधी आलंच नाही, पण या गावांनी दोन्ही काढली! 'युरो' हे नावसुद्धा डिसेंबर १९९५मध्ये युरोपीय देशांच्या नेत्यांच्या माद्रिदच्या बैठकीत ठरलेलं. त्याआधीच्या अशाच नाण्यांवर 'एकू' (युरोच्या आधीचं युरोपचं हिशोबाचं चलन) लिहिलेलं सापडतं. येणाऱ्या पैशाची लोकांना आधीच सवय लावायची ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. फ्रान्सला ती नवीही नव्हती. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सुटे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा मार्सेय, नीस, रुआँ इथल्या व्यापारी मंडळांनी ॲल्युमिनियमची स्वतःची नाणी चालवली होती.

आता सांभाळण्याबद्दल. तांब्याच्या मिश्रधातूवर बोटांचे ठसे लगेच उमटतात, म्हणून नाणं कडेनेच धरायचं. मऊ पीव्हीसीचे कप्पे अजिबात नकोत, त्याने हिरवट चिकट थर धरतो. मी कडक प्लास्टिकच्या कॅप्सूल वापरतो आणि डब्यात सिलिका जेल ठेवतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला पर्याय नाही. ब्रासो, चिंच, लिंबू यांपासून नाणी लांब ठेवा. घासलेल्या नाण्याची किंमत गेलीच म्हणून समजा.

साध्या धातूचे युरो खिशाला परवडतात. वीस युरोचे काही चांदीचे आहेत, तिथे मात्र डोळे उघडे ठेवा. एका विक्रेत्याने मला 'चांदी' म्हणून पाठवलेलं नाणं तांबे-निकेलचं निघालं. चांदीची घनता दर घनसेंटिमीटरला १०.५ ग्रॅमच्या आसपास, तांबे-निकेलची ८.९, वजनकाटा आणि पाण्याचा पेला असला की घरीच कळतं. नाणं परत गेलं, पैसेही आले.

पुढे विकून नफा होईल या आशेने घेऊ नका. ही कायदेशीर चलनी नाणी नव्हती आणि मागणी मर्यादित आहे. मुदतीची तारीख स्पष्ट वाचता येणारं नाणं मिळालं तर मी चार पैसे जास्त देतो. सध्या एकूवाल्यांच्या शोधात आहे.