सुडोकू ॲप, आठ महिन्यांनंतर: आधी तो लाल रंग बंद करा

परवा ॲप अपडेट झालं आणि माझ्या सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या. मला पत्ताच नाही. एक्स्पर्टचं कोडं अर्ध्यावर आलं होतं, एका घरात ६ आणि ८ एवढेच दोन उरले होते, मी आपली नेहमीसारखी ८ ची बारीक नोंद, फक्त शक्यता म्हणून, टाकायला गेले तर नोट्स मोड बंद झालेला, ८ सरळ उत्तर म्हणून बसला आणि चूक म्हणून लालभडक झाला. म्हणजे तिथे ६. चाळीस मिनिटं ज्या घराभोवती घिरट्या घालत होते त्याचं उत्तर न मागता हातात ठेवलं. कोडं तिथेच सोडून दिलं, राग अजून गेलेला नाही.

एकाच ओळीत दोनदा ५ लिहिला आणि ॲपने दाखवून दिलं, तर त्यात काही वाईट नाही, तो नियमच आहे, कागदावरही डोळ्याला दिसतो. पण हा लाल रंग नियम बघत नाही, तो आत साठवलेल्या उत्तराशी ताडून बघतो. दोन शक्यता उरलेलं घर शोधायचं, एक टाकायची, लाल झाली की दुसरी. एक्स्पर्टचं अख्खं कोडं असं अंदाजपंचे सुटतं! पहिले दोन महिने मी हेच करत होते आणि ॲप मला रोज शाबासकी देत होतं.

मग लाल रंग बंद केला आणि एक कोडं तीन दिवस अडलं. तिसऱ्या दिवशी फक्त ७ बघत बसले. दुसऱ्या आडव्या ओळीत ७ ला दोनच जागा होत्या, तिसरा आणि आठवा रकाना. सहाव्या ओळीतही त्याच दोन. म्हणजे वरचा ७ कुठेही गेला तरी खालचा त्या दोनांपैकी दुसऱ्या रकान्यात जाणार, दोन्ही रकान्यांचे ७ या दोन ओळींतच संपले, बाकी घरांतून ७ खोडायचा. खाली नवव्या ओळीत तिसऱ्या रकान्यात ४ आणि ७ होते, तिथे ४ उरला आणि पुढचं सगळं भराभर सुटत गेलं. याला एक्स-विंग म्हणतात हे नंतर कळलं. तो आनंद लाल-काळ्याच्या खेळात कधीच मिळाला नव्हता.

हिंटबद्दल मात्र माझं मत बदललं. आधी हिंट म्हणजे चीटिंग वाटायची. पण या ॲपची हिंट आकडा भरत नाही, कारण दाखवते, आणि एक्सवाय-विंग मी तिच्याकडूनच शिकले: एका घरात २-५, त्याला दिसणारी, म्हणजे त्याच्याच ओळीतली, रकान्यातली किंवा ३×३ च्या चौकोनातली दोन घरं, एकात २-८ आणि दुसऱ्यात ५-८. मधल्यात २ आला तर पहिल्यात ८, ५ आला तर दुसऱ्यात ८, मग त्या दोघांनाही दिसणाऱ्या घरात ८ येऊच शकत नाही. काही जण म्हणतात की हाही एक प्रकारचा अंदाजच, पण मला नाही पटत. दोन्ही वाटा चालून एकाच ठिकाणी पोचलो तर ते सिद्ध झालं ना. एकच वाट धरून नशिबावर सोडणं वेगळं.

ऑटो नोट्स, म्हणजे ॲपनेच प्रत्येक घरात शक्य आकडे भरून देणं, सुरुवातीपासून चालू करू नका. सगळी घरं बारीक आकड्यांनी भरली की एखाद्या चौकोनात ३ ला एकच जागा आहे ही साधी गोष्टसुद्धा त्या गर्दीत हरवते. सोपे आकडे आधी हाताने काढायचे, अडलं की मग नोट्स.

लेव्हलच्या नावांवर जाऊ नका, बहुतेक दिलेले आकडे मोजूनच नावं देतात असं वाटतं. १७ पेक्षा कमी आकड्यांत एकच उत्तर असलेलं कोडं बनत नाही हे डब्लिनच्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये कॉम्प्युटरवर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं, पण १७ वालं कोडं अवघडच असतं असं नाही, कित्येक साध्या नजरेने सुटतात आणि २५-२६ वालं एखादं रडवतं.

सपोर्टला दोनदा मेल केली. उत्तर आलं, अनडू वापरा. अहो अनडूने आकडा जातो, मी बघितलेलं कसं जाणार? जाहिराती नकोत म्हणून वर्षाचे पैसे भरलेत, चार महिने बाकी आहेत. तोवर सेटिंग टिकायला लागल्या तर पुढचे भरीन, नाहीतर नाही. हिंटसाठी पाच, लाल रंगासाठी एक, म्हणून तीन स्टार. आणि अपडेट झालं की कोडं उघडण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन 'चुका दाखवा' बंद आहे का ते बघा, नोट्स मोडही बघा.