डेमो एका यंत्राचा, डब्यात दुसरंच

"हात हलवा आणि खेळा" असं सांगून विकला जाणारा घरगुती कोड्यांचा स्वस्त व्हिडिओ गेम घ्यायचा तुमच्या मनात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. उन्हाळी प्रदर्शनांतून आणि मोबाईलवरच्या जाहिरातींतून असले डबे सध्या खूप खपत आहेत. आमच्याकडे असा एक डबा ३,४९९ रुपयांना आला. त्यातल्या यंत्राला हाताची हालचाल कळत नाही, आणि कळणारही नाही, कारण त्यासाठी लागणारा एकही भाग आत बसवलेला नाही.

मे महिन्यातलं नागपूर ज्यांना माहीत आहे त्यांना असा खेळ कशाला हवा होता हे सांगायला नको. पारा ४५च्या वर गेला की अकरा वाजल्यापासून रस्ते ओस पडतात आणि मुलं कूलरसमोर मोबाईल घेऊन बसतात. सासूबाईंना शब्दकोडी सोडवायची फार आवड. पण सांधेदुखीनं बोटं आखडल्यामुळे आता पेनही धरवत नाही, रिमोटची बारीक बटणं तर लांबच. बटण न दाबता सगळ्या घरानं मिळून खेळायचा खेळ आम्ही शोधत होतो, तेव्हा शहरात एका मैदानावर भरलेल्या प्रदर्शनात तो स्टॉल दिसला.

टीव्हीवर एका चित्राचे विस्कटलेले तुकडे होते आणि विक्रेता समोर उभा राहून हवेतच हात फिरवून ते जागेवर बसवत होता. "ताई, बटन दाबाचं कामच नाही. हात हलवा, बस," असं म्हणून त्यानं सासूबाईंनाच पुढे बोलावलं. त्यांनी हात वर नेला, तुकडा वर गेला. हळूच डावीकडे आणला, तुकडा तसाच हळूच डावीकडे आला. चार-पाच तुकडे त्यांनी स्वतः बसवले. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्यातल्या दोघांनी लगेच पैसे काढले. "मराठी शब्दकोडी पण आहेत," हेही विक्रेत्यानं त्याच वेळी सांगितलं.

बहुतेक जण सल्ला देतात की वस्तू स्वतः वापरून पाहा आणि मगच घ्या. आम्ही ती वापरूनच पाहिली होती. हा माणूस त्याच सल्ल्याचा फायदा घेतो, म्हणून मी एवढं सविस्तर लिहिते आहे. आपला डबा इथेच उघडून जोडून दाखवा, असं माझे मिस्टर म्हणाले, तेव्हा उत्तर आलं, "सील तुटलं तर कंपनी वॉरंटी देत नाही, भाऊ. डबा घरी जाऊनच उघडा." सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे.

घरी जोडल्यावर टीव्हीवर खेळांची लांबलचक यादी आली. डब्यावर ६०० खेळ लिहिलेले होते, पण तेच पंधरा-वीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येत होते. हे सगळे त्याच जातीचे ठोकळेबाज खेळ, जे नव्वदच्या दशकात आपण पिवळ्या-काळ्या कॅसेट घालून खेळायचो. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला. मराठीचं एक अक्षरही नव्हतं. टीव्हीवर ठेवायची काळी पट्टी निळी चमकत होती, पण तिच्यासमोर आम्ही कितीही हात हलवले तरी पडद्यावर काहीच हललं नाही. सोबतचा रिमोट झटकला की मात्र एक उडी पडायची. हळू झटका, जोरात झटका, वर न्या, खाली न्या, उडी तीच.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतो आहे. त्यानं आधी सगळ्याचे फोटो काढले आणि मग पट्टी उघडली. "मामी, याच्यात कॅमेराच नाही बाप्पा!" भिंगासारखं दिसणारं ते नुसतं पारदर्शक प्लास्टिक होतं. त्यामागे एक निळा दिवा आणि पट्टी हाताला जड लागावी म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. मग त्यानं तिची यूएसबी वायर सोलून दाखवली. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. हिच्यात फक्त विजेच्या दोन होत्या. याचा अर्थ, आत उत्तम कॅमेरा असता तरी त्यानं पाहिलेलं यंत्रापर्यंत पोहोचायला वाटच नव्हती. इथे शंकेचा फायदा द्यायला जागा राहत नाही. ही वायर ज्यानं बनवली त्याला ती पट्टी कधीच चालणार नाही हे पक्कं ठाऊक होतं.

रिमोटमध्ये एक छोटी नळी निघाली, आत धातूची गोळी. झटका बसला की गोळी दोन टोकांना टेकते आणि बटण दाबल्यासारखं होतं. तिला फक्त 'हो' आणि 'नाही' कळतं. हात किती हलला, कुठे वळला, हे तिला कळायला मार्गच नाही. खऱ्या यंत्रांत हे काम वेगळ्या पद्धतीनं होतं. निन्टेन्डोचं वी २००६ साली आलं. त्याच्या रिमोटमध्ये हालचालीचा वेग किती आणि कोणत्या दिशेला बदलतो हे मोजणारा ॲक्सेलरोमीटर आहे, शिवाय टोकाला अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण पाहणारा छोटा कॅमेरा आहे. टीव्हीजवळ ठेवायची त्याची पट्टी फक्त किरण सोडते, पाहण्याचं काम रिमोट करतो. मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट २०१० साली आलं, त्यात हातात काहीच धरावं लागत नाही. ते खोलीभर अवरक्त ठिपक्यांची नक्षी फेकतं, त्यातला कॅमेरा ती नक्षी कुठे कशी सरकली हे पाहतो आणि त्यावरून समोरच्या माणसाचे सांधे कुठे आहेत ते ओळखतो.

मग प्रदर्शनात सासूबाईंच्या हाताबरोबर तुकडा हलला कसा? माझ्या मुलीनं तिथे आजीचा व्हिडिओ काढला होता. तो मोठा करून पाहिला तेव्हा उत्तर मिळालं. तिथल्या टीव्हीवरची पट्टी रुंद होती आणि तिला समोर तीन गोल काचा होत्या. आमच्या डब्यातल्या पट्टीला एकच. तिथल्या पट्टीची जाड वायर टेबलावरच्या कापडाखाली जात होती, आणि वाऱ्यानं कापड उडालं त्या क्षणी आतल्या पांढऱ्या यंत्राची कड दिसत होती. पट्टीवरचं नाव काळ्या चिकटपट्टीनं झाकलेलं होतं. भाच्यानं ते जुनं एक्सबॉक्स ३६० (किनेक्ट ज्याला जोडतात ते मायक्रोसॉफ्टचं गेमचं यंत्र) आणि किनेक्ट म्हणून ओळखलं. नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात एका दुकानदाराला व्हिडिओ दाखवला, तोही तेच म्हणाला. किनेक्टचं उत्पादन बंद होत असल्याचं मायक्रोसॉफ्टनं २०१७ सालीच जाहीर केलं होतं, त्यामुळे वापरलेली यंत्रं बाजारात फिरत असतात. असलं एक यंत्र कापडाखाली लपवायचं आणि त्याच्या जोरावर दिवसभर रिकाम्या पट्ट्या विकायच्या, असा हा धंदा.

दुसऱ्या दिवशी स्टॉलवर गेलो तर "विकलेला माल परत होत नाही, पावतीवर लिहिलं आहे" असं उत्तर मिळालं. ते लिहिलेलं होतं, हे खरं. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ काय म्हणतो ते ऐका. सदोष माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीदेखील तशीच प्रथा आहे. आयोजकांनी "आम्ही फक्त जागा भाड्यानं देतो" असं सांगून हात वर केले. प्रदर्शन संपलं, स्टॉल उठला आणि पावतीवरचा फोन बंद झाला.

त्या पावतीवरचा जीएसटी क्रमांकही खोटाच निघाला. खरा क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७नं सुरू होतो. पावतीवरचा १३ अक्षर-अंकांचाच होता. हे दुकानातल्या दुकानात बोटांवर मोजता येतं, म्हणून जरूर मोजा. डब्यावर ९,९९९ रुपये कमाल किमतीचं स्टिकर होतं, पण कायद्यानं छापायची बाकी माहिती काहीच नव्हती. बंद डब्यातल्या मालावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११च्या नियमांनी बंधनकारक आहे. शिवाय टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. त्यांच्यावर मानक चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. क्रमांकच नसेल तर तो डबा तिथेच ठेवा, विक्रेता कितीही गोड बोलो.

डेमो पाहताना मला आता सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: जो डबा घरी न्यायचा तोच उघडायला लावा, त्यातलीच पट्टी आणि त्याच वायरी टीव्हीला जोडायला लावा, मग हात अगदी सावकाश हलवा. खरं यंत्र सावकाश हालचालीमागे सावकाश जातं. गोळीवालं यंत्र एकतर गप्प राहतं किंवा एकदम उडी मारतं. सील तुटेल, वॉरंटी जाईल असं सांगून विक्रेता अडून बसला, तर त्यानं तुम्हाला दुसऱ्याच यंत्राचा डेमो दाखवला असणार, असं धरून चाला.

कोणी खरंखुरं जुनं किनेक्ट स्वस्तात देत असेल तर ते वाईट नाही, पण दोन गोष्टी विचारून घ्या. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं आहे, त्यामुळे "खेळ नंतर विकत घेऊन उतरवता येतील" असं कोणी म्हणालं तर ते खोटं. खेळांच्या डिस्क सोबतच घ्या. आणि किनेक्टसमोर एका माणसाला साधारण सहा फूट मोकळी जागा लागते, दोघांना आठ. आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीत दिवाण, सोफा आणि कूलर मांडल्यावर तेवढी उरते का, ते टेपनं मोजून मगच ठरवा.

मला सगळ्यात जास्त राग पैशांचा नाही. बोटं आखडलेल्या म्हाताऱ्या बाईला चारचौघांत पुढे बोलवायचं, तिच्या आनंदाचा डेमो करायचा, आणि तिच्याच घरी रिकामी पट्टी पाठवायची, हे फार वाईट आहे. सासूबाई अजून म्हणतात, "तिथे तर होत होतं ना गं." तुमचा हात बरोबरच हलत होता, हे त्यांना समजावून सांगावं लागलं.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. विक्रेत्याचा पत्ताच नसल्यानं ती पुढे सरकली नाही. पैसे यूपीआयनं दिले होते आणि पैसे दिल्याच्या स्क्रीनवर आलेलं नाव स्टॉलवरच्या नावाहून वेगळं होतं. तो स्क्रीनशॉट, मुलीचा व्हिडिओ, उघडलेल्या पट्टीचे फोटो आणि आयोजकांकडे लेखी मागितलेला स्टॉल घेणाऱ्याचा तपशील, यांच्या आधारे आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि विक्रेता बाहेरगावचा असला तरी ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची असते. मोबाईलवरची जाहिरात पाहून पैसे पाठवले आणि फसलात, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

नागपुरात याच उन्हाळ्यात कोणी असा काळा डबा घेतला असेल, ज्यावर सोफ्यासमोर हात पसरून उभ्या असलेल्या कुटुंबाचं चित्र आहे आणि आतल्या पट्टीला एकच गोल काच आहे, तर तो फेकू नका. पावती, पैसे दिल्याचा पुरावा आणि वायर, सगळं जपून ठेवा. एकाच विक्रेत्याविरुद्ध अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते, आणि आमच्या पुढच्या रांगेतच दोघांनी तो डबा घेतलेला मी स्वतः पाहिला आहे.