लिलावातले सुटे वेल्डिंग रॉड: ६०१३ की ७०१८?

बंद कारखान्याच्या भंगार लॉटमध्ये रॉड बहुधा फुटक्या पाकिटातच मिळतात. पाकिटावर विसंबू नका. रॉडच्या होल्डरमध्ये धरायच्या टोकाजवळ, तारेवरच्या कोटिंगवर छापलेला नंबर (६०१३ किंवा ७०१८, म्हणजे रॉडचा प्रकार) वाचा. तो पुसला असेल, तर तो रॉड भार घेणाऱ्या कामाला लावूच नका.

६०१३ सोशिक आहे. साध्या एसी ट्रान्सफॉर्मरवर चालतो, चटकन पेटतो; ग्रिल, गेट, पातळ पत्रा ही त्याची कामं. ओल धरली असेल तर साधारण १०० अंशांवर तासभर शेकला की पुरे. जास्त तापवलात तर कोटिंगमधली गरजेची ओलही जाते आणि आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, बिघडतो.

७०१८ मजबूत, जाड प्लेट आणि स्ट्रक्चरसाठी, शक्यतो डीसी पॉझिटिव्हवर, म्हणजे रॉड डीसी मशीनच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडून. पण उघडा पडलेला ७०१८ हवेतली ओल शोषतो. त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि वेल्डशेजारी तडा जातो, कधी दुसऱ्या दिवशी. ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजल्याशिवाय वापरू नये; घरच्या ओव्हनला ते झेपत नाही.

कोटिंग सुटलेलं किंवा आतली तार गंजलेली असेल, तर दोन्ही भंगारातच. भट्टी नसेल तर ७०१८ स्वस्तात मिळाला तरी सोडा, ६०१३वर बोली लावा.