बोटांचा सिलिकॉन सांधा: दुखण्यावर उत्तम, जोराच्या कामाला नाही

आमवाताने बोटांच्या मुळाचे सांधे झिजून बोटं करंगळीकडे कलली असतील, तर सिलिकॉनचा सांधा आजही भरवशाचा आहे. 1960च्या दशकापासून वापरात असलेला हा एकसंध तुकडा: मधे बिजागरी, दोन्हीकडे दांडे. हाडाचं झिजलेलं टोक कापून दांडे पोकळीत सरकवतात. सिमेंट लागत नाही. भोवती शरीर स्वतः वेष्टण तयार करतं आणि खरा आधार त्याचाच.

म्हणूनच पुढचे साधारण सहा आठवडे ऑपरेशनइतकेच मोलाचे. रबराच्या ओढीचा स्प्लिंट (हाताला बांधायचा आधार) बोटं अंगठ्याकडे धरतो. त्यातच ती ठरल्या मापाने वाकवायची. सूज उतरली की स्प्लिंट ढिला पडतो, ओढीची दिशा चुकते आणि बोटं पुन्हा कलतात. जळगाव-धुळ्याच्या रुग्णाने सर्जन नाशिक-मुंबईचा निवडावा खुशाल, पण स्प्लिंट नीट करून देणारा हँड थेरपिस्ट जवळपास आहे का, हे आधी विचारावं. आमच्या मते निवड इथेच ठरते.

दुखणं जातं, हात सरळ दिसतो. मूठ मात्र पूर्ण मिटत नाही, पकडीचा जोरही फारसा वाढत नाही. कळण्याची भाकरी उलटणं वेगळं, केळीचा घड उचलणं वेगळं. कालांतराने सिलिकॉन दांडा-बिजागरीच्या जोडावर तुटू शकतं; पुष्कळदा ते एक्स-रेतच कळतं, त्रास नसतो.

तर्जनीच्या मधल्या सांध्याला हा नको. चिमटीचा आडवा दाब त्याला पेलत नाही. तिथे हाडं एकमेकांना जुळवून सांधा कायमचा न हलणारा करणं बरं. आणि भूल देण्याआधी मानेचा एक्स-रे काढायला सांगा, आमवातात तिथले मणकेही सैल झालेले असू शकतात.