भूसंपादनासाठी स्वतंत्र मूल्यांकन: घ्यावीच अशी सेवा, पण अपुरी

सरकार तुमची जागा घेणार असेल, तर मोबदल्याचा सरकारी आकडा येण्याआधीच स्वतःचा मूल्यांकनकार नेमून ही सेवा घ्या. चांगला मूल्यांकनकार संपादनाच्या सूचनेआधीची खरेदीखतं तुलनेला घेतो. सूचना निघाली की डागडुजी थांबते, गिऱ्हाईक पांगतं, भाव पडतात आणि तेच पडलेले भाव कागदावर चढतात. रस्त्यासाठी दुकानाची फक्त दर्शनी पट्टी जाणार असेल, तर उरलेल्या गाळ्याचं घटलेलं मूल्य, नवी भिंत, शटर, वीजजोडणी अहवालात वेगवेगळी मांडलेली हवीत. फी ठरावीक असावी. मोबदल्याच्या टक्क्यात ठरली तर आकडा फुगवल्याचा आक्षेप हमखास येतो. मोठी उणीव म्हणजे मोडलेल्या शेजाराच्या नुकसानीला अहवालात रकानाच नाही. अमेरिकेतल्या न्यू लंडन शहरात, विकासासाठी घरं संपादित करायला मुभा देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या निकालानंतर वस्ती हटली, जागा मात्र वर्षानुवर्षं ओस राहिली. ते नुकसान कोण मोजणार?