आयरिश पूर्वजांच्या नावाने आम्हांला विकलेला खोटा कागद

माझ्या सासऱ्यांच्या उशाशी जवळजवळ एक वर्ष फ्रेम करून ठेवलेला कागद बनावट होता, हे त्यांना वयाच्या नव्वदाव्या वर्षी सांगण्याची वेळ माझ्यावर आली. या प्रकरणात आमचे पैसे गेले, पण त्याहून ते सांगणे मला जड गेले. आयर्लंडशी सोयरीक असलेली मराठी घरे आता ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही आहेत. त्यांच्यापैकी कोणी पूर्वजांच्या शोधात पैसे मोजण्याच्या बेतात असेल, तर त्याआधी आमची हकीकत त्यांच्या वाचनात यावी, म्हणून हे लिहीत आहे.

मी मूळची रत्नागिरीची. लग्नानंतर मँचेस्टरला आले, त्याला चोवीस वर्षे झाली. माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या नामावळीत माझ्या पणजोबांची मोडीतली सही मी स्वतः पाहिलेली आहे. त्यामुळे सासरच्या बाजूला दोन पिढ्यांपलीकडे काहीच ठाऊक नसावे, याची मला नेहमी रुखरुख वाटत असे. सासऱ्यांचे वडील १८९१ मध्ये आयर्लंडच्या मेयो काउंटीत जन्मले, गवत आणि बटाटे काढण्याच्या हंगामात इंग्लंडला येणाऱ्या मजुरांबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले, एवढीच माहिती घरात होती. आपले आजी-आजोबा कसे राहत, काय खात, त्यांचे घर कुठे होते, हे सासऱ्यांना मरण्यापूर्वी जाणून घ्यायचे होते.

इंटरनेटवर एक गृहस्थ सापडले. पश्चिम आयर्लंडच्या वंशावळींचे जाणकार अशी ते स्वतःची ओळख करून देत, फोनवर अत्यंत अदबीने बोलत आणि सासऱ्यांची प्रकृती आवर्जून विचारत. पहिल्या टप्प्यासाठी त्यांनी १८० पौंड घेतले आणि तीन आठवड्यांत १९०१ आणि १९११ च्या जनगणनेतील एका कुटुंबाची पाने पाठवली. ती पाने खरी होती, आणि नेमकी आमच्याच कुटुंबाची होती. परंतु त्याच पत्रात त्यांनी असे लिहिले की, १९०१ मध्ये ५८ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७१ वर्षांचा असू शकत नाही, म्हणून हे दोन निरनिराळे इसम आहेत आणि तुमचे खरे घराणे वेगळेच आहे. हिशेब सरळ दिसत होता, त्यामुळे आम्हांला तो पटला. दहा वर्षांत तेरा वर्षांनी वाढलेले वय आयर्लंडमध्ये अगदी नेहमीचे आहे, हे मला फार उशिरा कळले. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरिबांना निवृत्तिवेतन मिळू लागले, जन्माचा दाखला बहुतेक म्हाताऱ्यांकडे नव्हता, आणि १९११ च्या तक्त्यांत हजारो लोकांची वये एकाएकी पुढे सरकली. ज्याने हे काम थोडेफार केले आहे त्याला हे माहीत नसणे शक्य नाही.

'खऱ्या घराण्या'साठी आणखी ३२० पौंड गेले. मग ग्रिफिथचे मूल्यांकन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदवहीतले एक पान आले. १८४७ ते १८६४ या काळात तयार झालेली ही वही साधारण आपल्या सातबारासारखी समजावी: जमीन कोणाच्या मालकीची, कूळ कोण, आकारणी किती, एवढेच तिच्यात असते. त्या माणसाची बायकामुले तिच्यात नसतात. तेवढ्या एका नावावरून नाते सिद्ध होत नाही, कारण मेयोमध्ये एकाच नावा-आडनावाची चार-चार कुळे शेजारी शेजारी सापडतात.

त्यानंतर ४५० पौंडांच्या बदल्यात तो कागद आला. '१८८१ च्या जनगणनेची प्रमाणित नक्कल' असा त्याचा मथळा होता. पिवळसर जाड कागदावर वळणदार अक्षरांत आई, वडील, पाच मुले, दोन गाई, एक डुक्कर आणि एक हातमाग अशी सगळी नोंद होती. खाली तांबड्या लाखेची मोहर होती. सोबतच्या टिपणात, यातल्या वडिलांनी, म्हणजे सासऱ्यांच्या आजोबांनी, १८८० मध्ये मेयोतील एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर शेतकऱ्यांनी टाकलेल्या बहिष्कारात भाग घेतला होता, असेही लिहिले होते. 'बॉयकॉट' हा शब्द आपण मराठीतही रोज वापरतो. तो ज्या प्रसंगातून जन्मला त्यात आपला आजोबा होता, हे वाचून सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. ते भिंगातून एकेका मुलाच्या नावावर बोट ठेवून वाचत होते. ती मुले त्यांची कोणीच नव्हती.

पुढची मागणी ६०० पौंडांची होती. ब्रेक्झिटनंतर आमच्या मुलांना आयरिश पासपोर्ट मिळावा असे आम्हांला वाटत होते, हे बोलण्याच्या ओघात मीच त्यांना सांगितले होते, आणि 'पणजोबांच्या कागदांवर मुलांचे नागरिकत्व करून देतो' असे त्यांनी कळवले. सुदैवाने माझ्या नवऱ्याने आयर्लंडच्या परराष्ट्र खात्याचे नियम वाचून काढले. आजोबा किंवा आजी आयर्लंडमध्ये जन्मलेली असेल तर परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालून नागरिकत्व मिळते, म्हणजे माझ्या नवऱ्याला ते मिळू शकते; मुलांना मात्र, त्यांच्या जन्मापूर्वी वडिलांनी स्वतःची नोंद केलेली असती तरच मिळाले असते. ती केलेली नव्हती. तिथे आम्हांला पहिल्यांदा शंका आली.

आम्ही डब्लिनला जाऊन किल्डेअर स्ट्रीटवरील राष्ट्रीय ग्रंथालयात चौकशी केली. वंशावळींविषयी तिथे विनामूल्य सल्ला मिळतो. समोरच्या बाईंनी मथळा वाचला आणि कागद हलकेच माझ्याकडे परत सरकवला. १८८१ ची जनगणना झाली होती, पण तिचे तक्ते आज अस्तित्वात नाहीत, असे त्यांनी सांगितले. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी दिले गेले, १८६१ आणि १८७१ चे त्याआधीच सरकारने नष्ट केले होते, आणि १८२१ ते १८५१ चे बहुतेक सगळे ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातील दफ्तरखान्याच्या आगीत गेले. संपूर्ण देशाची पाने शिल्लक आहेत त्यांतल्या सर्वांत जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या, आणि त्या दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. जनावरांची संख्या त्या तक्त्यांत विचारलेलीच नव्हती. म्हणजे पहिल्या १८० पौंडांत आम्ही फुकटची पाने विकत घेतली होती, आणि पुढचे ७७० आमच्याच माणसांपासून दूर जाण्यासाठी मोजले होते.

घरी परतल्यावर आम्ही दोघांनी आयर्लंडच्या सरकारी वंशावळ संकेतस्थळावर सासऱ्यांच्या वडिलांची १८९१ ची जन्मनोंद शोधली. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू तिथे विनाशुल्क दिसतात. नोंदीत आईचे माहेरचे आडनाव आणि टाउनलँडचे नाव होते. टाउनलँड म्हणजे साधारण आपली वाडी, आणि ती हाती लागल्याखेरीज आयर्लंडमध्ये नुसत्या नावावरून कोणाशीही नाते जोडणे धोक्याचे आहे. १९११ चे पान पुन्हा उघडले, तर तीच वाडी आणि तेच कुटुंब. गवताने शाकारलेले दोन खोल्यांचे घर, दर्शनी बाजूला दोन खिडक्या, आवारात गोठा आणि कोंबड्यांचे खुराडे. भाषा आयरिश आणि इंग्रजी. कुटुंबप्रमुखाला लिहिता येत नव्हते, म्हणून सहीच्या जागी फुलीची खूण.

त्या गृहस्थांनी आमच्या पत्रांना उत्तर दिले नाही आणि महिन्याभरात त्यांचे संकेतस्थळ बंद झाले. पैसे आम्ही थेट त्यांच्या वैयक्तिक खात्यात पाठवले होते. तुम्ही स्वखुशीने दिलेत, असे बँकेने कळवले. पोलिसांकडे तक्रार नोंदवली आहे, पण एक पौंडही परत आलेला नाही. असा कोणी कागद पाठवला, तर तो मूळ कोणत्या दफ्तरातला, त्याचा नोंद क्रमांक काय आणि मूळ पानाचे छायाचित्र कुठे पाहता येईल, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे. मी यांतले काहीच विचारले नव्हते. आडनावाचे कुलचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) विकणाऱ्यांनाही हेच विचारावे. आयर्लंडमध्ये असे चिन्ह व्यक्तीला दिले जाते, ते त्या आडनावाच्या सर्वांचे होत नाही.

सासऱ्यांना मी एका रविवारी सकाळी सगळे सांगितले. फ्रेम त्यांनी स्वतः उतरवून माझ्या हातात दिली आणि १९११ चे पान वाचून दाखवायला सांगितले. त्या तक्त्यात विवाहित स्त्रीला किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, असे दोन रकाने आहेत. त्यांच्या आजीपुढे नऊ आणि सहा असे आकडे आहेत. ते ऐकून त्यांनी विचारले, "त्या तिघांची नावे काय होती?" मृत्युनोंदींत आम्हांला दोन सापडली आहेत: चौदा महिन्यांची एक मुलगी आणि चार वर्षांचा एक मुलगा. तिसऱ्या नावाचा शोध चालू आहे आणि दर रविवारी ते त्याबद्दल विचारतात.